आधी तोटा मोजावा
नवख्याने ट्रेडिंग कसे शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे आणि कुठे थांबावे

शेअर, निर्देशांक, सोने किंवा चलन यांच्या भावातल्या चढउतारातून थोड्या मुदतीत नफा मिळवण्यासाठी केलेली खरेदी-विक्री म्हणजे ट्रेडिंग. गुंतवणूकदार कंपनीचा भागीदार होतो आणि धंदा वाढेल तसा आपला वाटा वाढण्याची वाट पाहतो. ट्रेडरला कंपनीशी एवढे घेणेदेणे नसते. त्याचा संबंध भावाशी असतो. एकाच दिवसात घेऊन विकणे म्हणजे इंट्राडे. काही दिवस किंवा काही आठवडे शेअर धरून ठेवणे याला स्विंग ट्रेडिंग म्हणतात. फ्यूचर्स आणि ऑप्शन्स हे शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या भावावर बेतलेले करार असतात आणि त्यांना मुदत असते.

या तीन प्रकारांत लागणारे भांडवल, वेळ आणि जोखीम वेगवेगळी आहे. नवखा माणूस मात्र बहुधा उलट्या क्रमाने आत शिरतो. सर्वांत अवघड असलेल्या ऑप्शन्सपासून तो सुरुवात करतो, कारण तिथे थोड्या पैशात मोठा सौदा होतो. शिकण्याचा योग्य क्रम याच्या नेमका उलटा आहे.

आकडे काय सांगतात

भारतातल्या डिमॅट खात्यांची (शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या खात्यांची) संख्या मार्च २०२० मध्ये सुमारे चार कोटी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. मोबाइलवर काही मिनिटांत खाते उघडू लागले, पण शिकण्याला लागणारा वेळ तेवढाच राहिला.

त्याचा परिणाम शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्वतः मोजला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात राहिल्या. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का निघाले. २०२३-२४ मध्ये या व्यक्तींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतल्या होत्या. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी असल्याचे नोंदवले होते. राज्यनिहाय पाहता सर्वाधिक ट्रेडर महाराष्ट्रातले होते, एकूण संख्येच्या सुमारे २२ टक्के.

समोर नफा कोणाला झाला, तेही या पाहणीत आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या दलाली संस्था आणि परदेशी गुंतवणूक संस्था मिळून खर्चापूर्वी सुमारे ६१ हजार कोटी रुपये कमावून गेल्या. त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला होता. मोबाइलवर सौदा टाकणाऱ्या माणसाची गाठ कोणाशी पडते, ते यावरून कळते.

रोख बाजारातल्या, म्हणजे प्रत्यक्ष शेअरच्या, इंट्राडे सौद्यांचे चित्रही फार वेगळे नाही. २०२२-२३ च्या आकड्यांवरून सेबीला असे आढळले की दर दहांपैकी सात जण तोट्यात होते. बाहेरच्या देशांतही हेच दिसते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ ते २०१५ या काळात निर्देशांकाच्या फ्यूचर्समध्ये डे-ट्रेडिंग सुरू केलेल्या लोकांचा माग काढला. तीनशेहून अधिक दिवस टिकून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते. नुसता अनुभव वाढल्याने माणूस सुधारत नाही, असा याचा अर्थ. सुधारणा होण्यासाठी अनुभवाची नोंद लागते, हिशेब लागतो आणि तोटा ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याची सवय लागते.

बाजाराची यंत्रणा

पहिला धडा यंत्रणेचा. मुंबई शेअर बाजार १८७५ साली स्थापन झाला. त्याआधी टाउन हॉलजवळच्या झाडांखाली दलाल जमत. सेबी १९८८ मध्ये अस्तित्वात आली आणि १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरचे सौदे नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले, तेही थेट संगणकाच्या पडद्यावर. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर कागदी प्रमाणपत्रांची जागा डिमॅट खात्याने घेतली. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरी आज शेअर सांभाळतात.

ट्रेडिंगसाठी तीन खाती लागतात: बँक खाते, ब्रोकरकडचे ट्रेडिंग खाते आणि डिमॅट खाते. शेअर ब्रोकरकडे नसतात, डिपॉझिटरीत असतात, हे पक्के लक्षात ठेवावे. डिपॉझिटरीकडून थेट येणारे विवरणपत्र दर महिन्याला ब्रोकरच्या ॲपमधल्या आकड्यांशी ताडून पाहावे. प्रत्येक सौद्याची काँट्रॅक्ट नोट येते. ती उघडून वाचणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

नेहमीचा बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. त्याआधी नऊ वाजल्यापासून पूर्वसत्र असते आणि त्यात सुरुवातीचा भाव ठरतो. लक्ष्मीपूजनाला सुमारे तासाभराचे मुहूर्त सत्र भरते. ते शुभशकुनाचे असले तरी त्यातले सौदे खरे असतात आणि त्यांची पूर्तता करावीच लागते. या सत्रात उलाढाल कमी असते, म्हणून डिलिव्हरीत, म्हणजे खात्यात ठेवण्यासाठी, एखादा शेअर घेण्यापलीकडे नवख्याने जाऊ नये.

२७ जानेवारी २०२३ पासून रोख बाजारातल्या सर्व शेअरची पूर्तता सौद्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते. आज घेतलेला शेअर उद्या खात्यात येतो. इंट्राडेमध्ये आधी विकून नंतर खरेदी करता येते. मात्र दिवस संपण्याआधी ती खरेदी झालीच पाहिजे. शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या कमाल भावमर्यादेला, अडकला आणि विकणाराच कोणी उरला नाही, तर सौदा लिलावात जातो आणि फरक व दंड ट्रेडरच्या माथी पडतो. मंदीचा सौदा करण्याआधी ही शक्यता माहीत असायला हवी.

ऑर्डरचे प्रकार मोजकेच आहेत. मार्केट ऑर्डर मिळेल त्या भावाने सौदा करते. लिमिट ऑर्डर ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच पुरी होते. स्टॉप लॉस ऑर्डर ठरलेला भाव लागला की जागी होते. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर टाकली की पडद्यावर दिसलेल्या आणि हाती आलेल्या भावात मोठे अंतर पडते. म्हणून सुरुवातीला लिमिट ऑर्डरचीच सवय लावावी.

भाव वाचणे

कोणत्याही क्षणी पडद्यावर दोन भाव असतात: घेणारा देऊ करतो तो आणि विकणारा मागतो तो. दोन्हींतले अंतर हा ट्रेडरचा पहिला, न दिसणारा खर्च. निफ्टी ५० मधल्या मोठ्या कंपन्यांत हे अंतर काही पैशांचे असते; छोट्या कंपनीत ते भावाच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मुंबई शेअर बाजारात पाच हजारांहून अधिक कंपन्या नोंदलेल्या आहेत, पण शिकण्यासाठी भरपूर उलाढालीच्या पन्नास-शंभर कंपन्या पुरतात. दोन-पाच रुपयांचे पेनी शेअर स्वस्त वाटतात. त्यांत घेणे सोपे आणि निघणे कठीण असते.

चार्टवरची एक कॅण्डल त्या काळातले चार भाव दाखवते: सुरुवातीचा, वरचा, खालचा आणि शेवटचा. जपानमधल्या तांदळाच्या बाजाराशी जोडलेली ही पद्धत १९९० च्या दशकात जगभर पसरली. नवख्याने आधी रोजच्या कॅण्डलचे चार्ट पाहावेत. पाच मिनिटांच्या कॅण्डल नंतर. रोजच्या चार्टवर तीन गोष्टी ओळखता आल्या तरी सुरुवात झाली: भाव चढत्या दिशेचा आहे की उतरत्या, पूर्वी तो कोणत्या पातळ्यांवर अडला किंवा सावरला, आणि मोठ्या हालचालीच्या दिवशी उलाढाल वाढली होती का. या पातळ्यांना सपोर्ट आणि रेझिस्टन्स म्हणतात. त्या अंदाजे पट्टे असतात, पैशापर्यंत नेमक्या रेषा नसतात.

चलसरासरी, आरएसआय, एमएसीडी असे निर्देशक त्याच भावांवर गणित करून काढलेले असतात. चार्टवर सहा निर्देशक लावल्याने माहिती सहापट होत नाही, कारण मूळ माहिती एकच असते. एखादा निर्देशक निवडावा, त्याचे सूत्र कागदावर एकदा हाताने सोडवावे आणि तो कधी उशिरा इशारा देतो ते पाहावे.

बातम्यांचे वेळापत्रकही माहीत हवे. कंपन्यांचे निकाल तिमाहीला येतात, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण साधारण दोन महिन्यांनी जाहीर होते, केंद्रीय अर्थसंकल्पाचा दिवस ठरलेला असतो. अशा दिवशी चार्टवरच्या पातळ्या टिकतीलच असे नाही. ३ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वाढला. ४ जूनला प्रत्यक्ष निकाल वेगळे लागले आणि तो ४,३८९ अंकांनी कोसळला. आदल्या दिवशीची तेजी पाहून कर्जाऊ ताकदीवर, म्हणजे भांडवलापेक्षा मोठे, सौदे करणाऱ्यांना सावरायला वेळच मिळाला नाही.

खर्चाचे गणित

नफा अनिश्चित असतो, खर्च निश्चित असतो. म्हणून खर्चाचे गणित ट्रेडिंगच्या पद्धतीच्या आधी शिकावे.

समजा, एका ट्रेडरने एक लाख रुपयांचे शेअर घेतले आणि त्याच दिवशी त्याच भावाला विकले. दलाली प्रत्येक बाजूला २० रुपये धरली तर ४० रुपये झाले. विक्रीवर ०.०२५ टक्के दराने रोखे व्यवहार कर २५ रुपये. शेअर बाजाराचे शुल्क सुमारे ६ रुपये, खरेदीवरचे मुद्रांक शुल्क ३ रुपये आणि दलाली-शुल्कावरचा जीएसटी साधारण ८ रुपये. एकूण सुमारे ८२ रुपये. भाव जागचा हलला नाही, तरी खात्यातून ८२ रुपये गेले.

आकडा लहान दिसतो. पण असे पाच सौदे रोज केले तर दिवसाचा खर्च ४१० रुपये. वर्षात साधारण २४५ दिवस बाजार चालतो. म्हणजे वर्षाला सुमारे एक लाख रुपये, जवळजवळ मूळ भांडवलाएवढे. अशा ट्रेडरला नुसते बरोबरीत राहण्यासाठी वर्षाला शंभर टक्के कमावावे लागतात. सेबीच्या पाहणीतही फ्यूचर्स-ऑप्शन्समधल्या व्यक्तींनी तीन वर्षांत सुमारे ५० हजार कोटी रुपये केवळ सौद्यांच्या खर्चापोटी दिल्याचे दिसले.

अमेरिकेतल्या बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ या काळातल्या ६६ हजारांहून अधिक कुटुंबांची खाती तपासली होती. सर्वाधिक सौदे करणाऱ्यांना वर्षाला सरासरी ११.४ टक्के मिळाले, तर बाजाराने १७.९ टक्के दिले होते. सौद्यांची संख्या कमी ठेवणे ही नवख्याच्या हातातली सर्वांत खात्रीची बचत आहे.

जोखमीचे माप

ट्रेडिंगचे सगळे शिक्षण ज्याभोवती फिरते तो प्रश्न असा: हा सौदा चुकला तर किती रुपये जातील? याचे उत्तर सौदा करण्याआधी कागदावर हवे. किती मिळतील हा प्रश्न त्यानंतर येतो.

तोट्याचे गणित सरळ रेषेत चालत नाही. दहा टक्के गेले तर मूळ रकमेवर यायला अकरा टक्के कमवावे लागतात. पंचवीस टक्के गेले तर तेहेतीस. निम्मे गेले तर शंभर टक्के आणि तीन चतुर्थांश गेले तर तीनशे टक्के. तोटा जितका खोल, तितका परतीचा रस्ता लांब होत जातो. म्हणून जाणकार ट्रेडर एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम पणाला लावत नाहीत.

हे प्रत्यक्षात असे बसते. भांडवल एक लाख, सोसायचा तोटा एक टक्का, म्हणजे हजार रुपये. शेअर ५०० रुपयांना घ्यायचा आहे आणि ४८० च्या खाली गेला तर अंदाज चुकला असे चार्टवरून ठरवले आहे. प्रत्येक शेअरमागे धोका २० रुपयांचा. हजाराला विसाने भागले की पन्नास शेअर. किती शेअर घ्यायचे, ते हा भागाकार ठरवतो. खात्यात शिल्लक किती आहे किंवा खात्री किती वाटते, यावर ते ठरत नाही.

एक टक्क्याचा नियम पाळणाऱ्याचे लागोपाठ दहा सौदे चुकले तरी लाखातले ९० हजारांहून अधिक शिल्लक राहतात. प्रत्येक सौद्यात दहा टक्के लावणाऱ्याकडे मात्र ३५ हजारही उरत नाहीत. सलग तोटे हा दुर्मीळ प्रसंग नाही. नफा-तोट्याची शक्यता निम्मी-निम्मी असली तरी शंभर सौद्यांत कधीतरी सलग पाच तोटे येण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते. ते येणार हे धरूनच आकडे ठरवावे लागतात.

स्टॉप लॉसला मर्यादा आहेत. बाजार रात्रभर बंद असतो आणि सकाळी भाव ठरवलेल्या पातळीच्या बराच खाली उघडू शकतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातला घोटाळा कबूल केला आणि शेअर एका दिवसात सुमारे ७८ टक्क्यांनी कोसळला. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक पडला. दहा टक्क्यांची पातळी लागल्यावर बाजार पाऊण तास थांबवावा लागला होता. त्यामुळे सगळे भांडवल एका शेअरात असू नये आणि मुक्कामी ठेवायचे सौदे कर्जाऊ ताकदीवर करू नयेत. इंट्राडेमध्ये ब्रोकर भांडवलाच्या पाचपट सौदा करू देतात. ही कमाल मर्यादा सप्टेंबर २०२१ पासून पूर्णपणे लागू आहे. पाचपट सौद्यात शेअर दोन टक्के उतरला की भांडवलातले दहा टक्के जातात. पहिल्या वर्षी ही सवलत वापरूच नये.

पद्धत ठरवणे

ट्रेडिंग शिकवता येते का, यावर १९८३ मध्ये शिकागोत एक प्रयोग झाला. वायदे बाजारात मोठे झालेले रिचर्ड डेनिस म्हणत की ते शिकवता येते. त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांना ते मान्य नव्हते. डेनिस यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, निवडक लोकांना दोन आठवडे शिकवले आणि सौदे करायला स्वतःचा पैसा दिला. हे शिष्य ‘टर्टल्स’ म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे भरपूर कमाई केली. त्यांना दिलेले नियम साधे होते. ठरावीक दिवसांतला उच्चांक ओलांडला की खरेदी, सौद्याचा आकार त्या बाजाराच्या रोजच्या हालचालीवरून, आणि एका सौद्यातला तोटा खात्याच्या सुमारे दोन टक्क्यांवर रोखायचा. काही शिष्यांना मात्र तेच नियम सलग तोट्याच्या काळात पाळता आले नाहीत. नियम दोन आठवड्यांत शिकवता येतात, पाळणे ज्याचे त्याला शिकावे लागते.

चांगल्या पद्धतीत पाच गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणत्या शेअरमध्ये सौदे करायचे, कशावरून शिरायचे, चुकलो हे कशावरून ठरवायचे, नफा कुठे घ्यायचा आणि किती शेअर घ्यायचे. लिहिलेले वाचून दुसरा माणूस तोच सौदा करू शकला, तर पद्धत स्पष्ट आहे असे समजावे.

पद्धत फायद्याची आहे का, हे किती वेळा अंदाज बरोबर आला यावरून ठरत नाही. शंभर सौद्यांपैकी सत्तर बरोबर आले आणि प्रत्येकात ५०० रुपये मिळाले, तर ३५ हजार जमा झाले. उरलेल्या तिसात प्रत्येकी दीड हजार गेले, तर ४५ हजार गेले. सत्तर वेळा बरोबर येऊनही दहा हजारांचा तोटा. उलट, चाळीस सौद्यांत प्रत्येकी दोन हजार मिळाले आणि साठांत हजार-हजार गेले, तर खर्चापूर्वी वीस हजार उरतात. नवखे बहुतेक पहिल्या प्रकारात मोडतात. नफा दिसला की घाईने विकतात आणि तोट्यातला शेअर भाव परत येईल या आशेवर धरून ठेवतात. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच माणसाची ही प्रवृत्ती मांडली होती.

सराव आणि वही

पहिले तीन महिने पैसा न लावता सराव करावा. त्यासाठी साधी वही पुरते. रोज संध्याकाळी चार्ट पाहावा, दुसऱ्या दिवशीचा सौदा भावासकट लिहावा आणि नंतर काय झाले ते खर्च धरून नोंदवावे. प्रत्यक्ष भावांवर आभासी ट्रेडिंगच्या स्पर्धा भरवणाऱ्या ॲपबद्दल सेबीने २०२४ मध्ये सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. तिथे जाण्याची गरजही नाही.

त्यानंतर लहान रकमेने खरे सौदे करावेत. रोख बाजारात एक शेअरही घेता येतो, ही नवख्याच्या फार सोयीची गोष्ट आहे. पैसा घरखर्च, कर्जाचे हप्ते, विमा आणि सहा महिन्यांची गंगाजळी बाजूला काढून उरलेला असावा. उसना घेतलेला किंवा सोने गहाण ठेवून आणलेला पैसा या कामाला कधीही लावू नये. नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्याला स्विंग ट्रेडिंग जमते, कारण त्यात अभ्यास बाजार बंद झाल्यावर करता येतो.

वहीत प्रत्येक सौद्याच्या दोन नोंदी कराव्यात. पहिली सौद्याआधी: कारण, भाव, स्टॉप लॉस, संख्या. दुसरी सौद्यानंतर: नियम पाळला का, आणि नसेल तर त्या क्षणी मनात काय होते. महिन्याच्या शेवटी नियम पाळलेल्या आणि मोडलेल्या सौद्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा. स्टॉप लॉस खाली सरकवणे, तोट्यातल्या शेअरमध्ये आणखी पैसे घालून सरासरी काढणे, आणि सकाळचा तोटा दुपारी भरून काढायला दुप्पट सौदा करणे, या तीन चुकांची किंमत त्या हिशेबात रुपयांत दिसते. दिवसाचा तोटा ठरलेल्या रकमेला पोहोचला की त्या दिवशी ॲप बंद करायचे, हा नियमही वहीतच लिहून ठेवावा.

अभ्यासाची सोय स्वस्तात उपलब्ध आहे. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेचे आवार रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. तिची गुंतवणूकदारांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा मोफत असते आणि डेरिव्हेटिव्ह्जसारख्या विषयांच्या परीक्षाही ती घेते. हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी हे साहित्य वाचून संपवावे.

फ्यूचर्स-ऑप्शन्स सर्वांत शेवटी

ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क म्हणजे कॉल ऑप्शन, विकण्याचा हक्क म्हणजे पुट. घेणारा त्यासाठी प्रीमियम मोजतो. समजा, प्रीमियम १०० रुपये आणि लॉट (एका कराराचा आकार) ७५ चा असेल, तर सौदा साडेसात हजारांचा झाला. निर्देशांक योग्य दिशेने गेला पण वेळेत गेला नाही, तरी ही पूर्ण रक्कम जाऊ शकते. दिवस सरतात तसा प्रीमियम झिजत जातो, आणि शेवटच्या दिवसांत ही झीज सर्वांत वेगाने होते. ऑप्शन विकणाऱ्याला प्रीमियम मिळतो, पण बाजार उलटला तर त्याचा तोटा प्रीमियमच्या कितीतरी पट होऊ शकतो. फ्यूचर्समध्ये दोन्ही बाजूंना मोठा तोटा होऊ शकतो आणि मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, रोजच्या रोज भरावी लागते.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने निर्देशांकाच्या कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आणि प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी (आठवड्याला संपणारी मुदत) ठेवू दिली. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के व्यक्ती तोट्यात राहिल्या आणि एकत्रित तोटा एक लाख कोटींच्या वर गेला. रोख बाजारात किमान शंभर सौद्यांची वही भरली, तिच्यात खर्च वजा जाता नफा दिसला आणि नियम मोडण्याचे प्रमाण नगण्य झाले, तरच या दारात पाऊल टाकण्याचा विचार करावा. तिकडे न जाताही ट्रेडर होता येते.

फसवणूक आणि तक्रार

टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरच्या टिप्स, खात्रीच्या परताव्याची आश्वासने, ‘खाते आम्ही सांभाळू’ म्हणणारे लोक आणि नामांकित संस्थांच्या नावाने चालणारी बनावट ॲप, यांपासून दूर राहावे. बनावट ॲपमध्ये नफा वाढताना दिसतो. पैसे काढायला गेल्यावर आधी कर किंवा शुल्क भरायला सांगतात. शेअर बाजाराबाहेर तोंडी चालणारे डब्बा ट्रेडिंग बेकायदा आहे. तिथे बुडालेल्या पैशाला गुंतवणूकदार संरक्षणाची कोणतीही व्यवस्था लागू होत नाही.

पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार, केवळ शिक्षण देणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल बोलता येत नाही. ‘क्लास’ म्हणवून आजची टिप देणारा ही मर्यादा ओलांडत असतो. ब्रोकर किंवा सल्लागाराविरुद्ध तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

कर आणि वर्षाचा हिशेब

डिलिव्हरीत घेतलेला नोंदणीकृत शेअर वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर लागतो. त्यानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापलीकडच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. इंट्राडेचा नफा सट्टा-व्यवसायाचे उत्पन्न मानला जातो. त्यातला तोटा फक्त तशाच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षे पुढे नेता येतो. फ्यूचर्स-ऑप्शन्सचे उत्पन्न व्यवसायाचे असले तरी सट्ट्यात मोडत नाही. तिथला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, मात्र पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. तोटा पुढे न्यायचा तर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. तोटा झाला म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते.

वर्ष संपल्यावर एकच तुलना करावी. खर्च आणि कर वजा जाता ट्रेडिंगमधून किती टक्के मिळाले, आणि तीच रक्कम निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात ठेवली असती तर किती मिळाले असते? ट्रेडिंगला लागलेले तासही या तुलनेत धरावेत. आकडा सलग दोन वर्षे इंडेक्स फंडाच्या खाली राहिला तर ट्रेडिंग थांबवून पैसा गुंतवणुकीकडे वळवावा. तो निर्णयही शिक्षणाचेच फळ आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. आकडा वर राहिला तर सौद्याचा आकार हळूहळू वाढवावा, आणि एका सौद्यातल्या तोट्याची टक्केवारी पहिल्या दिवशी होती तेवढीच ठेवावी.